चाकोरीबाहेर

मराठी समीक्षेत 'चाकोरीबाहेरचे' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यात एक बैलगाडी उभी आहे, याचे भान राहत नाही. चाकोरीबाहेरची कादंबरी, चाकोरीबाहेरची कविता, चाकोरीबाहेरचे संशोधन. पुस्तकाच्या मलपृष्ठावर हा शब्द आला की ती स्तुती समजावी आणि 'चाकोरीबद्ध' आला की निंदा, असा जणू अलिखित संकेतच आहे. मराठीची प्राध्यापिका म्हणून अनेक वर्षे मी उत्तरपत्रिका तपासते आहे. नवकथेपासून साठोत्तरी कवितेपर्यंत प्रत्येक वळणाचे वर्णन विद्यार्थी याच एका शब्दाने करतात, आणि अर्थात तो त्यांना आम्हीच शिकवलेला असतो. गंमत अशी की सगळ्यांनीच वापरल्यामुळे 'चाकोरीबाहेर' हाच आता मराठीतला सर्वांत चाकोरीबद्ध शब्द झाला आहे. पण माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. चाकोरी सोडणे ही गोष्ट मुळात, म्हणजे जमिनीवर, कशी असते? गेल्या फेब्रुवारीत माण तालुक्यातल्या एका उतारावर हा प्रश्न माझ्यासमोर अगदी चाकांसकट येऊन थांबला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी चाकोरीविषयी. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. माझ्या वर्गातल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांपैकीही फार थोड्यांनी ती पाहिलेली असते. लोखंडी धाव बसवलेली लाकडी चाके वर्षानुवर्षे एकाच रेषेवरून गेली की मुरमात दोन समांतर खाचा पडतात. त्या दोन खाचा म्हणजे चाकोरी. एका मुलखातल्या गाड्यांच्या दोन चाकांमधले अंतर साधारण सारखे असते, कारण सुतार त्याच मापाने गाड्या बांधतात. म्हणून एकाने पाडलेली चाकोरी दुसऱ्याला चालते. चाकोरीत पडलेली गाडी फारशी हाकावी लागत नाही. रात्री बाजाराहून परतणारा गाडीवान खुशाल झोपतो आणि बैल घर गाठतात. आपल्याला चाकोरीत जी यांत्रिकता दिसते ती बहुधा या झोपलेल्या गाडीवानामुळे. पण चाकोरीचे दुसरे काम आपण विसरतो. ती सगळ्या गाड्यांना एका रेषेत ठेवते, आणि त्यामुळे उरलेले रान गाड्यांपासून वाचते. ज्याच्या बांधावरून गाडीवाट जाते त्याने तेवढी पट्टी सोडलेली असते. तिच्याबाहेर चाक गेले की पीक तुडवले जाते, भांडण होते आणि भांडण मामलेदारापर्यंत जाते. १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा आजही अशा अडवलेल्या वाटांच्या तंट्यांत वापरला जातो, आणि त्या कज्ज्यांच्या कागदांत पानोपानी भेटणारा शब्द म्हणजे 'वहिवाट'. चाकोरी हा शेजाऱ्यांनी एकमेकांशी केलेला करार असतो. कागदावर नसला तरी जमिनीवर उमटलेला.

आता प्रवास. माझ्या बहिणीचा मुलगा काही वर्षे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात नोकरीला होता. परत आल्यावर पुण्यात स्थिरावला आणि त्याने थार घेतली. महिंद्रने ही गाडी २०१० साली पहिल्यांदा आणली आणि २०२०मध्ये तिचे नवे रूप. तिचे मूळ मात्र १९४७पासून मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या विलिस जीपपर्यंत जाते. नाव राजस्थानच्या वाळवंटाचे. मराठी कानाला मात्र त्यात 'थारा' ऐकू येतो, म्हणजे आसरा. वाळवंटाचे नाव आणि आसऱ्याचा भास, असा हा शब्द शिखर शिंगणापूरच्या आसपासच्या उघड्या माळावर फिरताना मला फारच चपखल वाटत होता. भाच्याला अर्थात या असल्या गोष्टींत रस नव्हता. त्याला 'ऑफ-रोडिंग' करायचे होते आणि माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला, तिचे माहेर बघायचे होते. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला असल्यामुळे आम्ही तिघे विट्याहून निघालो. मायणीवरून आम्ही माण तालुक्यात शिरलो.

हा मुलूख ज्यांनी फक्त पुस्तकांतून पाहिला आहे त्यांच्यासाठी एक आकडा पुरे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माणमध्ये पाचशेच्या आसपास, बहुतेकदा त्याहून कमी. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि इकडे फक्त वारा येतो. जो पाऊस येतो तो बराचसा परतीचा, आणि तोही चार-दोन दणक्यांत. जमिनीला तो पिऊ देत नाही, खरवडून नेतो. माण नदी याच तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावून दहिवडी, म्हसवड करत सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे उतरते आणि पुढे भीमेला मिळते. पण वर्षाचा मोठा भाग तिचे पात्र म्हणजे वाळूचा कोरडा पट्टाच. याला वाळवंट म्हणता येत नाही. इथे ज्वारी-बाजरी पिकते, खिल्लार जनावरे निपजतात, धनगरांची मेंढरे चरतात. आता टेंभू आणि उरमोडी योजनांचे पाणी काही गावांत पोचले आहे आणि डाळिंबाच्या बागा दिसतात. पण फेब्रुवारीतल्या दुपारी, माळावर एकही माणूस नसताना, पुण्याहून आलेल्या डोळ्यांना ते वाळवंट वाटले तर त्या डोळ्यांना तरी काय दोष द्यावा?

गाडीत भाचा यूटा राज्यातल्या कॅनियनलँड्सविषयी सांगत होता. तिथे 'व्हाइट रिम' नावाची सुमारे शंभर मैलांची कच्ची वाट आहे. लाल वालुकाश्माच्या प्रचंड दऱ्या, खाली ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्या, आणि कड्याच्या काठाने जाणारी दोन चाकांची रेघ. ऑफ-रोडिंग करणाऱ्यांची ती पंढरीच म्हणायची. भाच्याने ती दोन दिवसांत केली होती. मला त्यातल्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या. पहिली अशी की ती वाट निसर्गशोभेसाठी झालेलीच नाही. १९५०च्या दशकात अणुबाँबसाठी युरेनियम हवे होते, म्हणून अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने ती पाडली. राष्ट्रीय उद्यान नंतर आले, १९६४मध्ये. दुसरी अधिक महत्त्वाची. तिथे वाट सोडून चाक बाहेर घालायला सक्त मनाई आहे. त्या वाळवंटाच्या मातीवर सूक्ष्म जिवांचे, शेवाळाचे, दगडफुलाचे एक काळपट जिवंत कवच असते. तेच मातीला धरून ठेवते, आणि एकदा चाकाखाली चिरडले की पुन्हा तयार व्हायला कित्येक दशके लागतात. म्हणजे ऑफ-रोडिंगच्या माहेरघरी पहिला नियम काय, तर चाकोरी सोडू नका! याच प्रदेशात पहारेदार म्हणून राहिलेल्या एडवर्ड ॲबीने 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८) या पुस्तकात राष्ट्रीय उद्यानांतून मोटारीच हद्दपार करा, लोकांना चालू द्या, अशी मागणी केली होती. ती कुणी मानली नाही. पण चाकोरीचा नियम मात्र टिकला.

मी भाच्याला आमच्या साताऱ्याच्या सड्यांची आठवण करून दिली. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्या उभारायला, राखायला रस्ते झाले. आता सुट्टीच्या दिवशी त्याच रस्त्यांवर हौशी गाड्यांची वर्दळ असते. तिथे युरेनियम, इथे वारा. एकूण हिशेब सारखाच. त्या पठारावर एक सरडा राहतो. विणीच्या काळात नर गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून दगडावर बसतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वेगळेपण सिद्ध करून नवी प्रजाती नोंदवली आणि तिच्या कुळाला लॅटिन नाव दिले तेच मुळी 'सारडा', आपल्या 'सरडा'वरून. पुढे २०१८मध्ये याच पठारावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला: पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी झाले आणि त्यामुळे सरडे वाढले, शिवाय त्यांचे भित्रेपणही ओसरले. एक यंत्र उभे राहिले की सरड्याच्या मनातल्या भीतीपर्यंत बदल पोचतो, ही गोष्ट मला कोणत्याही कथेइतकी विलक्षण वाटते. कास तर २०१२मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या सड्यांवर कातळावर जेमतेम बोट-दोन बोटे माती असते आणि तिच्यात सीतेची आसवे, गेंद यांसारखी फुले येतात. तिथे एका चाकाच्या खुणेचा अर्थ काय होतो हे निराळे सांगायला नको. असो. मूळ रस्त्यावर येऊ.

आजोळच्या गावाबाहेर एक ओढा आहे आणि ओढ्याला येऊन मिळणारी एक घळ. भाच्याने ती उपग्रहाच्या नकाशावर आधीच हेरून ठेवली होती. त्याने गाडी थांबवली, चारही चाकांना ताकद देणारा दांडा खालच्या टप्प्यात टाकला, टायरांतली थोडी हवा सोडली. वाळूत चाक पसरट व्हावे म्हणजे रुतत नाही, असे त्याने आजीला समजावले. "उंटाच्या पायागत," असे आई म्हणाली. तिने उंट कुठे पाहिला कोण जाणे. बहुधा म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेत. मग आम्ही घळीत शिरलो.

घळ सुंदर होती, हे मान्य केले पाहिजे. दोन्ही बाजूंना दीड-दोन पुरुष उंचीच्या भिंती. तळाला काळा पाषाण, त्यावर पिवळसर मुरमाचे थर, मध्येच चुनखडीची पांढरी रेघ आणि सर्वांत वर हातभर माती, जिच्यातून बाभळीची मुळे उघडी पडून लोंबत होती. भिंतीत वेड्या राघूंची बिळे होती आणि गाडीच्या आवाजाने ते हिरवे पक्षी तिरासारखे बाहेर पडत होते. एका वळणावर वाट इतकी अरुंद झाली की आरसे मिटावे लागले. भाचा खुश होता. "आजी, हे छोटं कॅनियनलँड्सच आहे," तो म्हणाला.

आई खिडकीतून भिंतीकडे बघत होती. "ही घळ न्हाई रं लेकरा," ती म्हणाली, "ही आमची गाडीवाट हुती."

मला आधी वाटले, तिचा काहीतरी गोंधळ होतो आहे. पण ती नेमके सांगत होती. तिच्या लहानपणी याच रेषेवरून गाड्या ओढ्याला उतरत आणि पलीकडे बाजाराला जात. उतारावरची चाकोरी ही पाण्याला सापडलेली आयती वाट असते. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी वाडीतली माणसे चाकोरीत ठिकठिकाणी दगड आडवे लावत आणि पाणी बाजूच्या रानात काढून देत. "पानी तोडायचं", हा तिचा शब्द. पाऊस सरला की दगड काढायचे, खाचा मुरमाने भरायच्या. हे काम कुणी नेमून दिलेले नव्हते. ज्याची गाडी त्या वाटेने जाई त्याचे ते होते. मग ७२च्या दुष्काळात पलीकडून खडीचा रस्ता झाला. गाड्या तिकडून जाऊ लागल्या. इकडच्या चाकोरीत दगड लावायला कुणी उरले नाही, पण पाणी दरवर्षी येतच राहिले. दोन खाचांची एक खाच झाली, खाचेचा ओघळ, ओघळीची घळ. पन्नास वर्षांत दोन पुरुष खोल.

या एका माहितीने त्या दृश्याचा सगळा अर्थ बदलला. आपण जिला निसर्गाची रौद्र कलाकृती म्हणून पाहत होतो ती सोडून दिलेली चाकोरी होती! भाषेच्या अभ्यासकाला इथे एक मोह होतो तो असा, की याचे लगेच रूपक करावे: परंपरा सांभाळली नाही की तिची दरी होते, वगैरे. तो मोह मी टाळते. मुरूम हा मुरूमच असतो. त्या घळीतून वाहून गेलेली माती खाली कुठल्या तरी तलावाच्या तळाशी जाऊन बसली आहे, आणि वरचे शेत तेवढ्याने कमी झाले आहे. इतकेच.

घळीच्या माथ्याशी वाट संपली आणि समोर डोंगराचा उतार आला. त्यावर आडव्या रेघा होत्या, एकाखाली एक, डोंगराच्या अंगाने वळत गेलेल्या. ते समतल चर. २०१८च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी माण तालुक्यातल्या कितीतरी गावांनी पंचेचाळीस दिवस श्रमदान केले. त्या वर्षी याच तालुक्यातल्या टाकेवाडीला राज्यात पहिला क्रमांक मिळाला. आमच्या आजोळला काही बक्षीस मिळाले नाही, पण चर राहिले. दोन काठ्या आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी एवढ्या साधनाने समान उंचीची रेघ आखायची आणि त्या रेघेवर खणायचे. पाणी त्यात थांबते, मुरते. माझ्या मामीने साठी ओलांडल्यावर तिथे टिकाव चालवला आहे.

चर गवताने भरल्यामुळे लांबून खाचा दिसत नव्हत्या, नुसत्या छटा दिसत होत्या. भाच्याच्या मते गाडी सरळ वर चढू शकत होती. गाडीचा पुढचा कोन, मागचा कोन, चाकाची उंची, सगळे त्याने मला सांगितले आणि त्याचे गणित चूक नसावे. वर गेल्यावर शिंगणापूरच्या बाजूचा सगळा मुलूख दिसला असता. शिवाय, तो म्हणाला, इथे कुणाचे पीक नाही, मोकळा माळ आहे.

यूटातला नियम तो विसरला होता असे मला वाटत नाही. पण तिथे नियम पाटीवर लिहिलेला होता, परवान्यावर छापलेला होता. इथे पाटी नव्हती. ज्या जमिनीवर पाटी नाही ती मोकळी, हा समज फक्त त्याचा नाही. आपल्या महसुली भाषेतही 'पडीक' हा शब्द आहे, आणि जिथे वर्षातून दोनदा मेंढरे बसतात, जिथून वाडीचे सरपण येते, त्या जमिनीला तो बिनदिक्कत लावला जातो.

आईने दार उघडले. "तू ये मागनं," ती म्हणाली, "मी चालत जाते." आणि ती पायवाटेला लागली. पायवाट सरळ चढत नव्हती. प्रत्येक चराच्या टोकाशी वळसा घेत, पुन्हा मागे येत, डोंगराला नागमोडी बांधत वर जात होती. चर खणले तेव्हा माणसांनी आपली वाट वाकडी करून घेतली होती. सत्त्याहत्तर वर्षांची बाई पदर खोचून त्या वळणांनी चढते आहे आणि खाली इंजिन चालू ठेवून एक तरुण तिच्याकडे बघतो आहे. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी काही बोलले नाही. मामी-मावश्यांनी उपदेश करण्याची ती वेळ नव्हती, आणि खरे सांगायचे तर त्या उताराचा अधिकार माझ्यापेक्षा तिचा मोठा होता. मग त्याने इंजिन बंद केले. गाडी घळीच्या तोंडाशी ठेवून तो तिच्या मागून पायी चढला. उतरल्यावर त्याने दांडा उलट्या टप्प्यात टाकला आणि सबंध घळ मागे मागे येत पार केली. ते काम पुढे जाण्याहून कठीण होते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आपल्या विषयाकडे. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळे याच माणकाठी, आटपाडी तालुक्यात. 'बनगरवाडी' (१९५५) मी अनेकदा शिकवली आहे. त्या कादंबरीत मास्तर पायी वाडीला येतो, आणि पुढेही जवळजवळ सगळे काही पायीच येते: मेंढरे, बातम्या, भांडणे आणि शेवटी दुष्काळ. माळाचे ते वर्णन इतके नेमके का, याचे एक उत्तर मला नेहमी वेगात सापडते. ताशी तीन-चार किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला जे दिसते ते त्यात आहे. काही वर्षांपूर्वी जत तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले होते, "मॅडम, वाडीने तालीम का बांधली? रस्ता का नाही?" वर्ग हसला. मी त्याला औंध संस्थानाविषयी सांगितले. आटपाडी महाल औंधकडे होता, राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, त्यामुळे तालमीचे उद्घाटन राजाच्या हातून होणे कसे स्वाभाविक, वगैरे. उत्तर बरोबर होते, पण त्या मुलाचा प्रश्न वेगळा होता. दुष्काळात वाडी रिकामी होते तेव्हा ती माणसे कुठल्या वाटेने जातात, हे तो विचारत होता.

त्याच आटपाडीचे शंकरराव खरात. 'तराळ-अंतराळ' (१९८१) हे त्यांचे आत्मचरित्र 'बनगरवाडी'च्या शेजारी ठेवले की पायी चालण्याचा अर्थच उलटतो. तराळाने निरोप, टपाल, सरकारी ओझे घेऊन गावोगाव पळायचे. ऊन असो की रात्र. त्याच माळावरची तीच पायवाट एकाला पाहण्याची सवड देते, तर दुसऱ्याच्या पायाखाली ती वेठ असते. म्हणून मघाशी मी चाकोरीला शेजाऱ्यांचा करार म्हटले त्याला एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे: त्या करारावर गावातल्या सगळ्यांची सही नव्हती. ज्याची गाडीच नाही त्याला चाकोरी कुठली? खरातांसारख्यांनी चाकोरी सोडली ती हौसेने नाही. तिच्यात त्यांना जागाच नव्हती. 'चाकोरीबाहेरचे' हा शब्द दलित आत्मकथनांना लावताना आपण क्षणभरही थांबत नाही, याचे मला अलीकडे नवल वाटते.

आपली, म्हणजे वाचकांची आणि शिक्षकांची, जागा बहुतेक वेळा त्या थारमधली आहे. खिडक्या बंद, आत गारवा, आणि खाली खडबडीत जमीन. ग्रामीण कादंबरीत आपल्याला थोडे हिसके हवे असतात. बोलीचे चार शब्द, एखादा दुष्काळ. 'रांगडी भाषा' हे विशेषण आपण ज्या चवीने वापरतो ती चव ऑफ-रोडिंग करणाऱ्याच्या चवीहून फार निराळी नाही. भाच्याला निदान परतताना टायरांत हवा भरावी लागली, आणि चाकांना किती काटे लागले ते मोजावे लागले. याचा अर्थ शहरी माणसाने माळावर जाऊ नये किंवा 'बनगरवाडी' वाचू नये, असा मुळीच नाही. भाचा त्या उतारावर गेला नसता तर ती घळ मलाही घळच वाटत राहिली असती. चाळीस वर्षे त्या गावाला जाऊन येऊनही आईला मी हे कधी विचारले नव्हते.

संध्याकाळी परतताना आम्ही तो ७२चा रस्ता धरला. रोजगार हमीचे मूळ सांगलीतच आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला त्या कल्पनेचा पहिला प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५च्या केंद्रीय कायद्याने तिचाच कित्ता गिरवला. हा झाला इतिहास. आईच्या लेखी ७२ म्हणजे सुकडी, अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि खडी. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून ती आणि तिच्या जावा, लेकुरवाळ्या सगळ्या, दिवसभर हातोडीने दगड फोडत आणि संध्याकाळी मुकादम ढीग मोजे. मोठ्या दगडाची शीर ओळखता आली पाहिजे, मग तो एका घावात फुटतो, हे तिने भाच्याला तळहातावर दाखवले. एरवी ती त्या वर्षाविषयी फारसे बोलत नाही.

रस्ता आता रुंद झाला आहे, डांबरी आहे, आणि जुनी खडी किती थरांखाली आहे कोण जाणे. एका वळणावर आंब्याचे वाळलेले खोड दिसले तशी आई म्हणाली, "हितनं त्या वगळीपातूर आमचं." साधारण दोन फर्लांगांचा तुकडा असेल. भाच्याने वेग कमी केला, आरशात बघितले आणि गाडी कडेला घेऊ लागला. तिला खाली उतरायचे असेल, एखादा फोटो काढावा, असे त्याच्या मनात असावे.

"थांबवू नगंस," आई म्हणाली, "मागनं यष्टी येतीया."